लंडन ते कलकत्ता, एकाच बसने

१५ एप्रिल १९५७ रोजी २० प्रवासी घेऊन लंडनहून सुटलेली ‘इंडियामॅन’ बस कलकत्त्याला पोहोचली ५ जूनला. एकेरी भाडे ८५ पौंड. पुढे हिप्पींच्या काळात या वाटेवर स्वस्तातल्या खटारा बसगाड्या धावू लागल्या. सोबती जुळत ते इस्तंबूलच्या ‘पुडिंग शॉप’मध्ये. काबूलपर्यंत सोबत हवी, गाडीत जागा हवी, अशा चिठ्ठ्या तिथल्या फळ्यावर डकवलेल्या असत. (काही बसगाड्यांपेक्षा तो फळाच जास्त भरवशाचा असावा!) तेहरान, काबूल, लाहोर करत कुणी काठमांडू गाठी, कुणी गोव्यातले हणजूण. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि हा खुष्कीचा मार्ग बंद पडला.