एका तोंडाची तीन कामं

काचेला चिकटलेला सकर मासा बाहेरून, पोटाच्या बाजूने पाहा. ओठांची वाटोळी चकती घट्ट बसलेली असते आणि तिच्या मधोमध बारीक दातांच्या रांगा शेवाळ खरवडत असतात. मासा पुढे सरकतो, मागे काचेचा लख्ख पट्टा उरतो. पण मासे तोंडाने पाणी आत घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतात. इथे तर तोंडच काचेला चिकटलेलं! मग हा श्वास घेतो कसा?

या दक्षिण अमेरिकी माशाच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक मिशी असते. तिच्या लगेच मागे एक बारीक पन्हळ असते, तिच्यातून थोडंसं पाणी आत शिरतं. पकड तरीही सुटत नाही. चिकटणं, चरणं, श्वास, तिन्ही एकाच वेळी!

थायलंडच्या नद्यांतल्या गायरिनोकायलस या माशाने वेगळीच वाट काढली. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणापाशी वरच्या बाजूला जादा छिद्र असतं. पाणी तिथून आत येतं, खालून बाहेर जातं आणि तोंड चरायला मोकळं. तिसरी तऱ्हा तर आपल्या घरची. कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनमधून नोंदवलेला गारा मुल्या हा मासा खडकाला धरतो तो हनुवटीखालच्या चकतीने. तोंड त्या कामात अडकतच नाही.

घराबाहेरच्या टबात ठेवलेल्या सकरची आणखी एक करामत दिसते. मे महिन्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. अशा वेळी तो सुळकन वर येतो, हवेचा घोट घेतो आणि तळाशी जातो. ती हवा तो चक्क जठरातून रक्तात शोषतो!

टबातलं पाणीच हिरवंगार झालं असेल तर मात्र तो काही करू शकत नाही. ते तरंगणारं सूक्ष्म शेवाळ असतं, त्यावर सावली हवी. काचेवरचं शेवाळही त्याला पुरत नाही. काकडीची चकती द्यावीच लागते. दुकानातला बोटभर सकर चाळीस सेंटिमीटरच्याही पुढे वाढतो, म्हणून घरासाठी ब्रिसलनोज जातीचा सकर घ्यावा, तो वीतभरही होत नाही. आणि वाढलेला सकर तळ्यात किंवा नदीत कधीही सोडू नका. अंगावर हाडांचं चिलखत असल्याने त्याला खाणारे थोडे, शिवाय नर बिळात अंडी राखतो. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींत तो असाच पसरला आहे आणि त्याचे काटे तिथल्या मच्छीमारांची जाळी फाडतात.