वाळूविना प्रवाळटाकी : तळाला फळी कशासाठी आणि कशी?

काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढविण्याचा छंद अमेरिका आणि जर्मनीत गेल्या काही दशकांत चांगलाच रुजला आहे. या छंदातला एक वाद अद्याप मिटलेला नाही. टाकीच्या तळाशी वाळू पसरावी की तळ उघडाच ठेवावा, हा तो वाद. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वाळूच्या दहा-पंधरा सेंटिमीटर जाड थराची चलती होती. थराच्या खालच्या भागात प्राणवायू पोहोचत नाही. तेथील जीवाणू पाण्यातील नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि पाणी आपोआप शुद्ध होते, असा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा नव्हता. मात्र माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्यही त्याच वाळूत वर्षानुवर्षे मुरत राहते, याचा अनुभव पुढे अनेकांना आला. २००० नंतर बऱ्याच शौकिनांनी वाळू उपसून टाकली. 'बेअर बॉटम' म्हणजे उघड्या तळाची टाकी पुन्हा प्रतिष्ठित झाली ती तेव्हापासून.

अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांना पाण्याचा जोरदार प्रवाह लागतो. वाळू असेल तर असा प्रवाह सोडताच ती उडते आणि प्रवाळांवर बसते. तळ उघडा असला की पंप हवा तेवढा वाढविता येतो. गाळ खाली न बसता तरंगत राहतो. त्यातला काही स्किमर काढून घेतो, उरलेला नळीने ओढून घेता येतो. नायट्रेट फोडणारे जीवाणू सच्छिद्र खडकांच्या आतही राहतात, त्यामुळे वाळू गेली म्हणून ते काम थांबत नाही. रात्री वाळूत शिरून झोपणारे काही रास मासे किंवा बीळ करून राहणारे जॉफिश पाळायचे असतील, तर मात्र उघडा तळ निरुपयोगी.

वाळू गेली की खडक थेट काचेवर येतात. पाण्याचा भार तळावर सर्वत्र सारखा पसरतो, दगडाचा तसा पसरत नाही. वेडावाकडा खडक तीन-चार टोकांवर उभा राहतो आणि त्याचे सारे वजन त्या इवल्याशा जागांवर येते. त्यात साफसफाई करताना एखादा खडक हातातून निसटला किंवा रचलेला ढीग घसरला, तर काचेवर थेट आघात होतो. तळाची काच टफन्ड असेल, तर तिला केवळ तडा जात नाही. तिचा क्षणात चुरा होतो. १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद-उंच टाकीत चारशे लिटरहून अधिक खारे पाणी असते. ते दिवाणखान्यात वाहून जाणे हे नुकसानच. पण वर्षानुवर्षे मिलिमीटर-मिलिमीटरने वाढलेले प्रवाळ कोरडे पडणे ही भरून न येणारी हानी.

त्यासाठी खडक आणि काच यांच्यामध्ये प्लास्टिकची फळी घालण्याची पद्धत पडली. अमेरिकेत तिला सर्रास 'स्टारबोर्ड' म्हणतात. मुळात हे बोटींच्या बांधणीसाठी बनविलेल्या फळ्यांचे व्यापारी नाव. पदार्थ म्हणजे उच्च घनतेचे पॉलिथिलीन, अर्थात एचडीपीई. स्वयंपाकघरात भाजी चिरण्यासाठी वापरला जाणारा पांढरा प्लास्टिकचा बोर्डही बहुधा याच जातीचा असतो. ते पाणी शोषत नाही, खाऱ्या पाण्यात गंजत-कुजत नाही आणि दगडाच्या टोकाखाली किंचित दबून भार पसरविते. साधारण ६ मिलिमीटर जाडी पुरते. खडक फार अवजड असतील तर १२ मिलिमीटर. अ‍ॅक्रिलिक दिसायला देखणे, पण पाणी शोषून वाकते. ते टाळलेलेच बरे.

एचडीपीईची एक खोड मात्र आहे. ते पाण्यावर तरंगते. वर सांगितलेल्या टाकीच्या तळाएवढ्या, ६ मिलिमीटर जाड फळीला समुद्राचे पाणी सुमारे ३०० ग्रॅमच्या जोराने वर ढकलते. जोर किरकोळच, चार खडक ठेवले की फळी जागची हलत नाही. परंतु खडक एकाच बाजूला रचले, तर मोकळे टोक उचलले जाते. सिलिकॉनने चिकटवून टाकावी म्हटले, तर या प्लास्टिकला सिलिकॉन नीट धरत नाही. तेव्हा फळी बसविण्याची रीत एकच : आधी फळी, तिच्यावर सर्वत्र भार येईल असे खडक आणि मग पाणी.

माप घेताना खरी काळजी लागते. हे प्लास्टिक उष्णतेने काचेपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते. हिवाळ्यात ५ अंशांच्या गॅरेजमध्ये घट्ट मापाने कापलेली १२० सेंटिमीटरची फळी २६ अंशांच्या पाण्यात सुमारे तीन-चार मिलिमीटरने लांबते. ती ढकलणार कशाला, तर काचा जोडणाऱ्या सिलिकॉनच्या सांध्याला. म्हणून फळी चारही बाजूंनी तीन ते पाच मिलिमीटर लहान ठेवावी, कोपरे थोडे छाटावेत आणि कडा घासून गुळगुळीत कराव्यात. टाकीला वरून काचेच्या आडव्या पट्ट्या असतील, तर अखंड फळी आत जातच नाही. अशा वेळी दोन तुकडे करून सांधा खडकांखाली झाकावा. कापताना निघालेला भुसा पूर्ण काढावा, धुण्यासाठी साबण वापरू नये.

आता त्या कडेच्या फटीचे काय? तिच्यातून गाळ फळीखाली जातोच. काही जण सिलिकॉनची पट्टी ओढून फट बुजवितात. हा उपाय दुखण्यापेक्षा वाईट म्हणावा लागेल. पट्टी आज ना उद्या एखाद्या जागी सुटते, गाळ आत शिरतो आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. प्राणवायूअभावी तेथे कुजण्याची क्रिया सुरू होऊन सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. म्हणजे वाळू काढून जे टाळायचे होते, तेच फळीखाली पुन्हा आले. त्यापेक्षा फट उघडी ठेवून पाणी बदलताना बारीक नळी कडेने फिरविणे सोपे. किंवा फळी फक्त खडकांच्या पायापुरतीच कापावी. बाकीचा तळ काचेचाच राहू द्यावा. ही दुसरी पद्धत दिसायला तितकी सुबक नाही, पण तीच अधिक शहाणपणाची वाटते.

भरलेल्या टाकीत फळी नंतर घालायची झाल्यास खडक बाहेर काढावे लागतात. ते तासन्‌तास हवेत ठेवले, तर त्यातील जीव मरतात आणि टाकीत परतल्यावर पाण्यात अमोनिया वाढतो. खडक त्याच टाकीच्या पाण्याने भरलेल्या पिंपांत, पंप चालू ठेवून, झाकून ठेवावेत.

भारतात मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये दगडी प्रवाळांचा समावेश झाला. मालवणच्या किनाऱ्यालगत प्रवाळ आहेत, लक्षद्वीपला आहेत. पण तेथून त्यांचा तुकडाही उचलणे गुन्हा आहे. मृत प्रवाळाचा खडकही त्यातून सुटत नाही. त्यामुळे येथे खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे कृत्रिम खडकांवर भागवितात. काचेच्या दृष्टीने तेही दगडच. फळीचे गणित त्यांनाही तेच लागू पडते.

नवी फळी पांढरीशुभ्र दिसते आणि दिव्यांचा प्रकाश परावर्तित करते. पहिल्या काही आठवड्यांत तिच्यावर तपकिरी, मग हिरवे शेवाळ चढते. ते धातूच्या पात्याने खरवडू नये. चरे पडले की शेवाळ त्यात घर करते. जुने प्लास्टिकचे कार्ड पुरते. पुढे काही महिन्यांत गुलाबी-जांभळे चुनखडीयुक्त शेवाळ पसरू लागले, की ते तसेच राहू द्यावे. वर्षभरात फळी कुठली आणि खडक कुठला, हे वरून पाहणाऱ्याला सहसा ओळखू येत नाही.