गांवच्या सामाईक जमिनीचे दावे आणि नोटीस

नाशिक शहराची वस्ती वाढत गेली तसतशी इंदिरानगराच्या आसपासच्या वडाळा, पाथर्डी अशा जुन्या गांवांस शहरानें वेढून टाकिलें. शेतांच्या जागीं इमारती येऊं लागल्या म्हणजे गायरान, पाणवठा, वहिवाटीची वाट यांस मोल चढतें, आणि मोलाबरोबर तंटेही येतात. असा तंटा कोर्टांत गेला कीं, “दावा अमक्याचा आहे, आपणांस त्याचें काय?” असें पुष्कळ शेतकरी म्हणतात. ही समजूत घातक आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, हिच्या पहिल्या आदेशांतील आठव्या नियमान्वयें समान हितसंबंध असलेल्या अनेकांतर्फें एकास किंवा कांहींस दावा चालवितां येतो. मात्र त्यास कोर्टाची परवानगी लागते. आणि वादीच्या खर्चानें सर्व संबंधितांस नोटीस द्यावी लागते. लोक पुष्कळ असल्यास नोटीस जाहीर रीतीनें प्रसिद्ध करण्याचा हुकूम कोर्ट देतें. या रीतीनें झालेला निकाल दाव्यांत नांव नसलेल्या संबंधितांसही बांधतो. ही रीत पाळली नसेल तर तो निकाल इतरांच्या आड येत नाहीं, हें तत्त्व प्रिव्ही कौन्सिलानें १९३३ सालीं कुमारवेलु चेट्टियार यांच्या खटल्यांत मान्य केलें.

म्हणून अशी नोटीस दृष्टीस पडतांच कोर्टाचें नांव, दाव्याचा नंबर, जमिनीचा गट नंबर व तारीख टिपून ठेवावी. आपलें म्हणणें निराळें असल्यास याच नियमाखालीं पक्षकार होण्याचा अर्ज करितां येतो. तडजोडीविषयीं तर विशेष जागरूक असावें. १९७६ च्या दुरुस्तीनंतर अशा दाव्यांत सर्वांस नोटीस दिल्यावांचून व कोर्टाच्या परवानगीवांचून तडजोड करितां येत नाहीं. परवानगीवांचून केलेली तडजोड रद्दबातल होय. चार पुढाऱ्यांच्या सह्यांनीं गांवाचा हक्क जात नाहीं, तो यामुळेंच.

प्रतिवादी सरकार असल्यास कलम ८० प्रमाणें आधीं लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावें लागतें. राज्य सरकाराविरुद्धची ही नोटीस जिल्ह्याच्या कलेक्टराकडे देतां येते. तींत वादीचें नांव व पत्ता, दाव्याचें कारण आणि मागणी स्पष्ट लिहावी. तातडीचा मनाईहुकूम हवा असेल तर मात्र कोर्टाच्या परवानगीनें नोटिशीवांचूनही दावा लावितां येतो.

वकिलाचा सल्ला प्रत्येक प्रसंगीं घ्यावाच. परंतु नोटीस वाचून मुदतींत हजर होणें हें काम ज्याचें त्यानेंच केलें पाहिजे.