आक्रमण, मुक्ती आणि तहाचा शब्द : गोवा १९६१ संबंधी हेतुविचार

एखाद्या राष्ट्राचा नेता शेजारच्या प्रदेशात सैन्य धाडतो, तेव्हा दोन प्रश्न एकदमच चर्चेस येतात. त्याने हे का केले, हा पहिला. आणि ज्याच्यावर सैन्य चालून गेले त्याचे मित्र आता काय करणार, हा दुसरा. २०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली तेव्हापासून हे दोन्ही प्रश्न पुन्हा हिरिरीने चर्चिले जात आहेत. परंतु दूरच्या युद्धाविषयी मत देणे सोपे असते. आपल्या स्वतःच्या इतिहासातील तशाच प्रसंगाला हीच कसोटी लावताना भाषा सैल पडते. म्हणून प्रस्तुत लेखात डिसेंबर १९६१ मधील गोव्याचे प्रकरण विवेचनास घेतले आहे. त्यात नेत्याच्या हेतूंविषयी वाद आहे, लष्करी संघटनेचा करार आहे, शतकानुशतकांची एक जुनी मैत्री आहे, आणि या सर्वांच्या मुळाशी शब्दांचा प्रश्न आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे विवेचनाचा कल त्या अंगाकडे राहील.

१. घटनाक्रम

प्रथम निर्विवाद गोष्टी थोडक्यात नोंदवू. १९४७ नंतरही गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेली हे प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यात राहिले. त्यांपैकी दादरा-नगरहवेली १९५४ साली मुक्त झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरही भारत सरकारने सैन्य धाडले नाही. आर्थिक नाकेबंदीवर भागविले. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून 'साबरमती' या भारतीय जहाजावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच सुमारास एक मच्छीमारही मारला गेला. १७-१८ डिसेंबरच्या मध्यरात्री 'ऑपरेशन विजय' सुरू झाले आणि १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. अखेरपर्यंत लढण्याचा सालाझार यांचा आदेश त्यांनी मानला नाही. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पन्नास सैनिक मरण पावले.

२. 'का?' या प्रश्नाची चार उत्तरे

'नेहरूंनी सैन्य का धाडले?' हा प्रश्न दिसायला एक आहे. वस्तुतः त्यात चार प्रश्न मिसळलेले आहेत. मराठीत त्यांसाठी चार शब्द आहेत, परंतु आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. निमित्त, कारण, उद्देश आणि हेतू हे ते शब्द होत. निमित्त म्हणजे कृती घडण्याची वेळ आणणारी घटना. कारण म्हणजे ज्या परिस्थितीवाचून ती कृती घडलीच नसती ती परिस्थिती. उद्देश म्हणजे कर्त्याने जाहीरपणे सांगितलेले साध्य. आणि हेतू म्हणजे कर्त्याच्या मनात असलेले, त्याने सांगितलेले वा न सांगितलेले, प्रेरक बळ.

या भेदानुसार गोव्याचा विचार केल्यास पहिल्या तीन खणांत फारसा वाद उरत नाही. अंजदीवचा गोळीबार हे निमित्त होय. चौदा वर्षे वाटाघाटींस पोर्तुगालने दिलेला नकार हे कारण होय. वसाहतीचा अंत हा उद्देश होय. खरा वाद चौथ्या खणात आहे आणि तेथेच टीकाकारांनी आपले शस्त्र चालविले आहे.

टीकाकारांनी सुचविलेले हेतू प्रामुख्याने तीन आहेत. पहिला निवडणुकीचा : फेब्रुवारी १९६२ मध्ये तिसरी सार्वत्रिक निवडणूक व्हावयाची होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची उत्तर मुंबईत आचार्य कृपलानी यांच्याशी लढत होती. दुसरा चीनचा : १९५९ पासून उत्तर सीमेवर जी नामुष्की सोसावी लागत होती तिच्यावरून लोकांचे लक्ष दुसरीकडे वळविणे. तिसरा आफ्रिकी राष्ट्रांचा : १९६१ साली अंगोलात उठाव झाला होता, आणि पोर्तुगालशी सौम्यपणे वागणारा भारत वसाहतवादविरोधी आघाडीत मागे पडतो आहे, अशी कुजबुज सुरू झाली होती.

येथे आपल्या न्यायशास्त्राची एक परिभाषा उपयोगी पडते. नैयायिकांच्या लेखी 'हेतू' म्हणजे मनातील प्रेरणा नव्हे. ज्या खुणेवरून आपण अनुमान करतो ती खूण. धुरावरून अग्नीचे अनुमान करावयाचे तर धूर हा हेतू. ही खूण साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळली तर तो हेतू सव्यभिचार ठरतो. तो खरा हेतू नव्हे, हेत्वाभास. आता निवडणुकीची खूण तपासून पाहा. १९५७ सालीही सार्वत्रिक निवडणूक झाली. १९५५ च्या गोळीबाराची जखम तेव्हा अधिक ताजी होती, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनामुळे मुंबई राज्यात सत्ताधारी पक्षाची स्थितीही बिकट होती. तरीही सैन्य हलले नाही. म्हणजे 'निवडणूक जवळ आली, म्हणून कारवाई झाली' हे अनुमान जसेच्या तसे टिकत नाही.

याचा अर्थ निवडणुकीचा काहीच संबंध नव्हता, असा मात्र नव्हे. 'का' आणि 'केव्हा' हे दोन निराळे प्रश्न आहेत. निवडणूक आणि चीन या दोन गोष्टी 'केव्हा' या प्रश्नाच्या उत्तरात बसू शकतील. 'का' या प्रश्नाच्या उत्तरात त्या एकट्याने बसत नाहीत. तिसऱ्या हेतूची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव केला. त्याच महिन्यात गोव्यासह पोर्तुगालचे प्रदेश स्वशासित नसलेले प्रदेश म्हणून गणले गेले. १९५७ साली ही परिस्थिती नव्हती, १९६१ साली होती. फरक घडला तेथेच कारण शोधावे, या नियमाने पाहता हे तिसरे स्पष्टीकरण अधिक बळकट ठरते. ते टीकाकारांनी आरोप म्हणून मांडले, समर्थकांनी अभिमान म्हणून मांडले. परंतु मांडणी एकच आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

३. कराराचा शब्द

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पोर्तुगाल हा ४ एप्रिल १९४९ च्या उत्तर अटलांटिक कराराचा, म्हणजे ज्यातून नाटो ही संघटना उभी राहिली त्या कराराचा, मूळ बारा सदस्यांपैकी एक. कराराचे पाचवे कलम सर्वांस ठाऊक असते : एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जाईल. सहावे कलम मात्र फारसे वाचले जात नाही, आणि गोव्याचे भवितव्य, लष्करी अर्थाने, त्या सहाव्या कलमाने ठरविले. हल्ला कोठे झाला असता तो पाचव्या कलमात बसतो, हे त्यात सांगितले आहे. युरोप, उत्तर अमेरिका, फ्रान्सचे अल्जीरियातील विभाग, आणि उत्तर अटलांटिक क्षेत्रातील कर्कवृत्ताच्या उत्तरेची बेटे, अशी ती व्याप्ती १९६१ साली होती. गोवा अटलांटिकमध्येही नाही आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेसही नाही.

१९५१ साली पोर्तुगालने आपली राज्यघटना दुरुस्त करून 'वसाहत' हा शब्द वगळला आणि त्या जागी 'सागरापलीकडील प्रांत' हा शब्द घातला. नाव बदलले की वस्तू बदलते, अशी ही श्रद्धा होती. तिला एक मोठे यशही लाभले : डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसमवेत काढलेल्या पत्रकात 'पोर्तुगीज प्रांत' हाच शब्द आला, आणि भारतात संतापाची लाट उसळली. परंतु अल्जीरियाचे उदाहरण या श्रद्धेची मर्यादा दाखविते. अल्जीरिया हा फ्रान्सचाच भाग, असे फ्रान्सही म्हणत असे. तरी केवळ त्या म्हणण्यावर तो विसंबला नाही. त्याने अल्जीरियाचे नाव करारात लिहवून घेतले. गोव्याचे नाव तेथे नव्हते. स्वतःच्या घटनेतील शब्द आपल्यापुरता असतो. करारातील शब्द सर्वांना बांधतो. १९८२ साली अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली तेव्हाही हेच कलम आड आले. ती बेटे ब्रिटनची असली तरी कर्कवृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस होती.

४. जुनी मैत्री आणि साष्टीचा दाखला

पोर्तुगालचा दुसरा आधार होता इंग्लंडशी १३७३ पासून चालत आलेला स्नेहसंबंध. त्यातील १६६१ चा विवाहतह आपल्या प्रदेशाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्याच तहाने मुंबई बेट इंग्रजांस मिळाले. ते का दिले, याचा खुलासा तहातच आहे : इंग्लंडच्या राजाला या भागातील पोर्तुगीज प्रजेचे डचांपासून रक्षण करणे सुलभ व्हावे म्हणून. तहाच्या गुप्त कलमात तर पोर्तुगालच्या वसाहतींचे सर्व शत्रूंपासून रक्षण करण्याची हमी होती.

या हमीची पहिली मोठी परीक्षा १९६१ साली नव्हे, १७३७ साली झाली. पनवेल तालुक्यातील ओवे गावाहून पश्चिमेस ठाण्याची खाडी ओलांडली की साष्टी बेट लागते. १७३७ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने साष्टी घेतली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. मुंबईकर इंग्रज हाकेच्या अंतरावर होते. परंतु पोर्तुगीजांना तारील अशी मदत त्यांनी केली नाही, आणि वसई पडल्यावर त्याच वर्षी मराठ्यांशी व्यापारी तह करून ते मोकळे झाले. १९६१ साली घडले ते याहून फार वेगळे नव्हते. राष्ट्रकुलातील सहसदस्याशी आपण युद्ध करू शकत नाही, ही भूमिका ब्रिटनने पोर्तुगालला आधीच कळविली होती. याउलट, १९४३ साली अझोर्स बेटांवर तळ हवे होते, तेव्हा याच जुन्या मैत्रीचा दाखला ब्रिटनने आवर्जून दिला होता. तेव्हा मैत्रीचे करार निरर्थक असतात, असे अनुमान काढणे चूक होईल. करार कोणत्या बाजूने वाचावयाचा, हे त्या क्षणीचे हितसंबंध ठरवितात, एवढेच यावरून दिसते. हेतूंची छाननी स्वारी करणाऱ्याचीच होते. मदत न करणाऱ्याचीही तितकीच व्हावयास हवी.

५. सुरक्षा परिषदेतील दोन वाचने

१८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत प्रश्न आला तेव्हा मित्रराष्ट्रांचे साह्य शब्दांपुरतेच राहिले. पण ते शब्द तीक्ष्ण होते. अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन यांनी बळाच्या वापराचा कठोर निषेध केला. युद्धबंदी व सैन्यवापसी मागणाऱ्या ठरावाला सात मते मिळाली, विरोधात चार पडली. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो बाद झाला. पोर्तुगालची तक्रारच फेटाळावी, असा सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांचा ठराव चार विरुद्ध सात असा पडला. एकाच घटनेचे 'सरहद्दीचे उल्लंघन' आणि 'वसाहतीचा अंत' असे हे दोन पाठ होते. वादाची मेख एकाच पूर्वगृहीतात होती : गोव्याची सीमा ही दोन राष्ट्रांमधील सीमा होती की नव्हती? ती होती असे मानले तर 'आक्रमण' हा शब्द अटळ ठरतो. नव्हती असे मानले तर तो निरर्थक ठरतो.

मराठीत या निवडीची व्याकरणिक खूणही दिसते. 'गोव्यावरील आक्रमण' म्हणताना कर्ता कोण, हा प्रश्न तत्काळ उभा राहतो. 'गोवा मुक्त झाला' हा अकर्मक प्रयोग कर्त्याला वाक्याबाहेर ठेवतो. 'भारताने गोवा मुक्त केला' या वाक्यात कर्ता परत येतो, पण कृतीचे मूल्यमापन आधीच झालेले असते. आपल्या जुन्या गद्यातील 'स्वारी' हा शब्द या बाबतीत निष्पक्ष होता. अब्दालीचीही स्वारी आणि पेशव्यांचीही स्वारी. आधुनिक राजकीय मराठीत असा तटस्थ शब्द जवळजवळ उरलेला नाही. म्हणून आपण शब्द निवडतो तेव्हाच निकालही देऊन बसतो.

आणि येथे आपल्यालाच अवघड वाटणारी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. १९६९ साली गोव्यातील एका धर्मगुरूच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे या घटनेच्या स्वरूपाचा प्रश्न आला. न्यायालयाने जी परिभाषा वापरली ती लष्करी ताबा आणि त्यापाठोपाठ झालेले प्रदेशाचे सामीलीकरण अशी होती. सभेत 'मुक्ती' आणि न्यायासनापुढे 'सामीलीकरण' हे शब्द परस्परांना खोटे पाडत नाहीत; पहिला उद्देश सांगतो, दुसरा कृतीचे कायदेशीर रूप सांगतो. ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने पोर्तुगालनेही भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, आणि कायद्याचा प्रश्न मिटला. हेतूंचा प्रश्न मात्र तहाने मिटत नसतो.

६. उपसंहार

वरील विवेचनाचे सार असे. नेत्याच्या हेतूविषयी विधान करावयाचे असेल तर निमित्त, कारण, उद्देश आणि हेतू हे चार खण वेगळे ठेवावेत. सुचविलेला हेतू पूर्वीच्या तशाच परिस्थितीत निष्फळ ठरला होता काय, हे पाहावे. मित्रसंघटनेच्या वर्तनाचा अर्थ लावण्यापूर्वी तिच्या कराराची सर्व कलमे वाचावीत. युक्रेनबाबतही नाटोचे पाचवे कलम लागू झाले नाही, कारण युक्रेन सदस्यच नव्हता. सदस्य राष्ट्रांनी चौथ्या कलमाखाली विचारविनिमय मागितला तो त्यामुळेच.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दुसऱ्याच्या स्वारीस 'आक्रमण' म्हणताना आपण जी कसोटी लावतो, ती आपल्या 'मुक्ती'ला लावण्याची तयारी असावी. गोव्याचे प्रकरण त्या कसोटीस बऱ्याच अंशी उतरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चौदा वर्षांचा संयम, वसाहतीचे स्वरूप आणि अल्प जीवितहानी ही त्याची प्रमाणे होत. एक न्यून मात्र राहते. आपल्या भवितव्याविषयी गोव्याच्या जनतेला थेट विचारले गेले ते १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात, आणि तेव्हाही प्रश्न महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही एवढाच होता. त्या काळातील मराठी वृत्तपत्रांनी 'मुक्ती', 'कारवाई', 'विलीनीकरण' हे शब्द कोणत्या क्रमाने व कोणत्या कर्त्यासह वापरले, याची पद्धतशीर मोजणी पदव्युत्तर प्रबंधासाठी उत्तम विषय ठरेल. अभ्यासकांनी त्याकडे वळावे, अशी अपेक्षा आहे.