सहा महिन्यांची धूळ: शिंतो परंपरेतला ‘ओहाराए’

शिंतो सणांपैकी आज एकच विधी घेऊ. ओहाराए, म्हणजे महाशुद्धी. तो ३० जूनला आणि ३१ डिसेंबरला, असा वर्षातून दोनदा होतो.

जूनमध्ये अनेक देवस्थानांसमोर चिगाया नावाच्या गवताचं मोठं कडं उभारतात. त्यातून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असा वळसा घेत जायचं. कागदाच्या छोट्या बाहुलीवर आपलं नाव-वय लिहायचं, ती अंगावरून फिरवायची, तिच्यावर फुंकर घालायची आणि देवस्थानात द्यायची. पुढे ती पाण्यात सोडतात किंवा जाळतात.

आता प्रश्न असा, की यात धुतलं जातं ते नेमकं काय?

इ. स. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या ग्रंथात या विधीची प्रार्थना आहे. तिच्यात ‘त्सुमी’ची यादी येते. भातशेतीचे बांध फोडणं, पाट बुजवणं ही त्सुमी. हे आपल्याला समजतं. पण त्याच यादीत त्वचेचे विकार आहेत, किड्यांमुळे ओढवणारी संकटंही आहेत. यात कुणाचं काय चुकलं?

म्हणूनच ‘पाप’ हा आपला शब्द इथे पुरत नाही. पाप करणाऱ्याच्या खात्यावर पडतं. त्सुमी अंगणातल्या धुळीसारखी साचते. धुळीला कुणी शिक्षा करत नाही, ती झाडतात. आणि पुन्हा साचते म्हणून पुन्हा झाडतात. प्रार्थनेत नदी ही त्सुमी समुद्रात नेते आणि शेवटी हायासासुराहिमे ही देवता ती पाताळात हरवून टाकते. शिक्षा नाही, हरवणं!

पण इथे थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. याच परंपरेत ‘केगारे’ म्हणजे विटाळ ही कल्पना आहे. तिला बौद्धांच्या हत्यानिषेधाची जोड मिळाली, आणि मेलेली जनावरं ओढणारे, कातडं कमावणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या अशुद्ध ठरले. १८७१ मध्ये सरकारनं त्यांचा हीन दर्जा रद्द केला. तरी लग्नात, नोकरीत भेदभाव पुढेही राहिला. मराठी श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको.

सगळ्यांचा मळ सहा महिन्यांत धुतला जातो, मग काहींचाच जन्मभर का राहावा? त्या जुन्या यादीत अमुक कुळात जन्मणं ही त्सुमी नाही. ती भर माणसांनी घातली. तेव्हा कोणत्याही शुद्धिविधीला एक प्रश्न विचारावा: गवताच्या कड्यातून जायला सगळ्यांना वाट आहे ना?