बाटलीवरचं इंग्रजी

पौडच्या बाजारातून भातासाठी औषध आणलंत की फवारणीआधी शाळेत जाणाऱ्या मुलीला हाक मारा. 2000 सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. अक्षरं लावून ती वाचील. बाटली मात्र तुमच्याच हातात धरा.

लेबलावर तिरपा चौकोन दिसेल. खालचा त्रिकोण तांबडा किंवा पिवळा असेल तर वर ‘पॉयझन’, म्हणजे विष. निळ्यावर ‘डेंजर’, म्हणजे धोका. हिरव्यावर ‘कॉशन’, म्हणजे जपून. हिरवं म्हणजे निर्धोक, असं पुष्कळजण धरून चालतात, तसं नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, हे विसरू नका.

जाहिरातीला वेगळी नजर लागते. मोठ्या अक्षरांत ‘40 टक्के जादा उत्पन्न’ आणि अलीकडे बारीक ‘अप टू’. त्याचा अर्थ ‘पर्यंत’. दोनच टक्के वाढलं तरी कंपनी हात वर करायला मोकळी! मोबाइलवरच्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ असेल, तर धाडणाऱ्यानं तो दुसऱ्याकडून घेऊन पुढे ढकललेला असतो. मूळ कुणाचा, कधीचा, हे विचारा.

शेवटी घडीपत्रक उघडा आणि मुलीला ‘राईस’ किंवा ‘पॅडी’ हा शब्द शोधायला सांगा. दोन्ही म्हणजे भातच. शेजारी कीड, मात्रा आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते असतं. भाताचं नावच नसेल तर, दुकानदार काही म्हणो, ते औषध भातावर मारू नका. पत्रक घेऊन तालुका कृषी कार्यालयात या.