वहीतले अक्षर बारीक होते तेव्हा

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. शाळेची यादी हातात घेऊन आलेल्या पालकांच्या गर्दीत काही जण यादीशिवायच आलेले असतात. पन्नाशी-साठीची ही माणसे दुकानातल्या कोऱ्या चिठोऱ्यावर पेन चालवून बघतात, वहीचे पान बोटांनी चाचपतात, शाई मागच्या बाजूला फुटते का ते निरखतात. घरी खणात आधीच वीसेक पेने आणि चार-पाच कोऱ्या वह्या असतात. 'आता पुन्हा कशाला?' या घरच्यांच्या प्रश्नावर त्यांच्याकडे उत्तर नसते.

असेच एक छंदिष्ट गृहस्थ, वय 66, कचेरीतल्या कारकुनीतून निवृत्त झालेले. रोज रात्री शाईच्या पेनाने वहीत पानभर लिहायचे. दुधाचा हिशेब, कोण आले-गेले, पाऊस किती पडला. दर वर्षाची एक वही, आणि सगळ्या वह्या एकाच मापाच्या. उजवा खांदा आखडतो म्हणून दोन वर्षे त्यांचे औषधपाणी चालू होते. मलम झाले, शेक झाला, व्यायाम झाला. खांदा काही सुटेना. एकदा तपासणीला आले असताना पत्नी सहज म्हणाल्या, "डॉक्टर, यांचं अक्षर हल्ली मलासुद्धा लागत नाही. नवीन पेनामुळं असेल का हो?"

पुढच्या खेपेला त्या पिशवीतून सहा वर्षांच्या वह्या घेऊन आल्या. जुन्या वहीत एका ओळीत सात-आठ शब्द मावत होते, ताज्या वहीत तेरा-चौदा. ओळीच्या सुरुवातीला अक्षर बरे, शेवटाकडे जाता जाता मुंगीएवढे. काने-वेलांट्या एकमेकांना चिकटलेल्या. हाताला कंप नव्हता. पण चालताना उजवा हात डाव्यासारखा हलत नव्हता, मनगट ताठर लागत होते आणि बोटांच्या हालचाली मंदावल्या होत्या. निदान झाले पार्किन्सनच्या आजाराचे. खांद्याचे दुखणेही त्याच ताठरपणाचा भाग होते.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी 1817 मध्ये या आजाराचे वर्णन केले तेव्हा त्याला 'कंपवात' म्हटले. त्या नावामुळे आजही लोक हात थरथरण्याची वाट बघतात. प्रत्यक्षात काही रुग्णांत कंप उशिरा येतो, काहींत येतच नाही. मेंदूच्या खोल भागातल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात आणि सवयीने, न बघता होणाऱ्या हालचाली आखूड पडतात. पाऊल लहान पडते, आवाज बारीक होतो, तसेच अक्षरही. वैद्यकात याला मायक्रोग्राफिया म्हणतात. गंमत अशी की बऱ्याच रुग्णांना आपले अक्षर लहान झाल्याचे कळतच नाही. हात नेहमीसारखाच चालतो आहे असे त्यांना वाटत राहते.

अर्थात, अक्षर बदलले म्हणजे पार्किन्सनच, असे समजून कुणी घाबरू नये. चष्म्याचा नंबर बदलला, अंगठ्याच्या सांध्याला सूज आली, किंवा नुसती घाई असली तरी अक्षर बिघडते. वयाबरोबर येणाऱ्या साध्या कंपात अक्षर बारीक होत नाही, वेडेवाकडे होते, आणि रेघ नागमोडी उमटते. महत्त्वाचे म्हणजे तुलना स्वतःच्याच जुन्या अक्षराशी करायची, शेजाऱ्याच्या नव्हे. काल नीट लिहिणाऱ्या माणसाला आज अचानक सही जमेना किंवा शब्द सुचेना, तर मात्र तो पक्षाघात असू शकतो. तिथे वही बघत बसायचे नाही, थेट मोठे रुग्णालय गाठायचे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. यकृताच्या रुग्णांबाबतही हाच धडा आहे. आजार मेंदूवर येऊ लागला का हे पाहायला वॉर्डात त्यांची रोज सही घेण्याची जुनी रीत आहे, आणि अजून ती उपयोगी पडते.

आता पेनाविषयी. शाईचे पेन वापरणारे 'हात दुखत नाही' असे सांगतात, त्यात तथ्य आहे. निबाच्या मधल्या चिरेतून शाई केशाकर्षणाने खाली उतरते. निब कागदाला नुसते टेकले की कागदच शाई ओढून घेतो, दाबावे लागत नाही. बॉलपेनात शाई घट्ट, तेलकट असते. टोकावरची गोळी फिरवायला दाब द्यावा लागतो आणि तो दाब बोटांवर, मनगटावर येतो. परीक्षेत तीन तास लिहिणाऱ्या मुलांची बोटे का आखडतात, ते इथे कळते. जेलपेनाची शाई पातळ, त्यामुळे तेही हलके चालते. ज्यांची बोटे दुखतात त्यांनी महागड्या पेनापेक्षा जाड दांड्याचे पेन आधी वापरून पाहावे.

लिहिणाऱ्यांच्या हाताचे दुखणे जुनेच आहे. इटलीतले डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी यांनी व्यवसायजन्य आजारांवरच्या आपल्या ग्रंथाच्या 1713 च्या आवृत्तीत लेखनिकांच्या हाताविषयी लिहून ठेवले आहे. त्यातला एक प्रकार म्हणजे 'रायटर्स क्रॅम्प'. इतर सगळी कामे करणारा हात पेन धरताच आखडतो, बोटे वाकडी होतात. अशा माणसाला 'मनाचे खेळ आहेत' असे सांगून घरी पाठवले जाते, ते चूक आहे. हा मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांमधला बिघाड आहे आणि बोट्युलिनम या औषधाच्या इंजेक्शनने अनेकांना आराम पडतो.

जाता जाता एक भीती काढून टाकलेली बरी. मराठीत आपण 'शिसपेन्सिल' म्हणतो, पण तिच्यात शिसे नसते. ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. इंग्लंडमध्ये ग्रॅफाइट सापडले तेव्हा लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटले, तेच नाव चिकटले. मुलाच्या तळहातात टोक घुसले तर जखम धुवावी, टोक आत राहिले असेल तर काढून घ्यावे आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघावे. शिशाची विषबाधा होत नाही. पेनाचे टोपण तोंडात धरण्याची सवय मात्र खरोखर घातक आहे. ते श्वासनलिकेत अडकू शकते. अनेक टोपणांना वर भोक असते ते याचसाठी, अडकलेच तर थोडी हवा जात राहावी म्हणून.

हाताने लिहिल्याने स्मरणशक्ती वाढते, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 36 विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या. टंकलेखनापेक्षा हस्तलेखनात मेंदूचे जास्त भाग एकमेकांशी जोडून काम करताना दिसले. पण त्या विद्यार्थ्यांना टाइप करायला एकच बोट वापरू दिले होते, आणि त्यांना नंतर किती आठवले हे तपासलेच नव्हते. तेव्हा विसराळूपणावर औषध म्हणून वह्यांचा गठ्ठा आणू नये. आवडते म्हणून आणावा, एवढे कारण पुरेसे आहे.

त्या गृहस्थांना लेव्होडोपा सुरू झाले. दीड-दोन महिन्यांत खांदा मोकळा झाला, अक्षरही थोडे वाढले. फिजिओथेरपिस्टने सुचवले, की दुरेघी वही घ्या आणि अक्षर दोन्ही रेघांना टेकवायचेच, असे ठरवून लिहा. डोळ्यांसमोर खूण असली की पार्किन्सनच्या रुग्णाची हालचाल मोठी होते, हे चालण्यातही दिसते आणि लिहिण्यातही. पहिलीतल्या मुलांची वही मागायला त्यांना लाज वाटली, म्हणून पत्नीच जाऊन अर्धा डझन घेऊन आल्या. निवृत्त कारकुनाने मग स्वतःसाठी जाड दांड्याचे आणखी एक पेन घेतले. रोजचे पान आता दोन पाने झाले आहे, आणि तपासणीला येताना वही बरोबर असते.